संस्थेची उद्दिष्टे आणि संगणकप्रणाली यांची सांगड

रुग्णालयात संगणक आले की कारभार आपोआप सुधारतो, असा समज सर्वत्र आढळतो. आमचाही तो होता. बिले, औषधभांडार, प्रयोगशाळा अशा प्रत्येक विभागाने आपापल्या सोयीने स्वतंत्र प्रणाली घेतली. प्रत्येक प्रणाली आपल्या जागी ठीक चाले. परंतु निर्धन रुग्णासाठी या क्षणी खाट रिकामी आहे काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर एकीतूनही मिळत नसे. रेशनकार्ड हाती धरून आलेल्या नातेवाइकांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावे लागे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, तर १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. आमच्या विश्वस्तसंस्थेचे उद्दिष्टही हेच. मग आमची यंत्रे त्याच कामी का येऊ नयेत?

उद्योगजगतात या प्रश्नाचा विचार पूर्वीच झाला आहे. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली माहितीप्रणालीच्या आराखड्याची मांडणी केली. घर बांधण्यापूर्वी त्यात राहणाऱ्यांच्या गरजा पाहून नकाशा काढतात, विटा नंतर येतात, प्रणालीचेही तसेच. संस्थेची उद्दिष्टे, त्यांसाठी लागणारी कामे, त्या कामांना लागणारी माहिती आणि सर्वांत शेवटी यंत्रे, असा क्रम लावणाऱ्या या शास्त्राला बिझनेस आर्किटेक्चर म्हणतात.

त्यानुसार आम्ही निर्धन रुग्णाचा प्रवेशद्वारापासून घरी जाईपर्यंतचा मार्ग कागदावर मांडला. खाटेची स्थिती वॉर्डातील सिस्टरांना ठाऊक, कागदपत्रांची नोंद समाजसेवा अधीक्षकांच्या वहीत, निधीची शिल्लक लेखाविभागात आणि बिल चौथ्याच ठिकाणी, असे चित्र दिसले. उणीव यंत्रांची नव्हती, जोडणीची होती. म्हणून नवी खरेदी थांबवून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. रुग्णाला सर्व विभागांत एकच क्रमांक असावा. खाट रिकामी होताच तिची नोंद वॉर्डातच, एकदाच व्हावी. खाटांची व निधीची स्थिती समाजसेवा अधीक्षकांना एकाच पडद्यावर दिसावी.

हे काम पूर्ण झालेले नाही. रात्रपाळीत नोंदी अद्याप उशिरा होतात. वर्षानुवर्षांची वही एका दिवसात सुटत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि यापुढे संगणकखरेदीचा प्रत्येक प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे येईल, तेव्हा त्याने कोणत्या रुग्णाचे कोणते काम सुकर होणार, हे लिहिलेले असेल. देणगीदारांनीही आम्हांस हाच प्रश्न विचारावा. आणि रुग्णांच्या आप्तांना विनंती, की खर्चाची विवंचना असल्यास संकोच न बाळगता प्रथम समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. आमची सारी मांडणी त्या भेटीसाठीच आहे.