गोळी एकाची, दुखणं दोघांचं!

थकवा, चक्कर, कशातच मन न लागणं... रिपोर्टमध्ये थायरॉईड निघालं की ‘चला, कारण तरी कळलं’ म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण थायरॉईडच्या जोडीला अ‍ॅड्रिनलही रुसली असेल तर? अशा वेळी कोणता डॉक्टर गाठायचा आणि त्याला ओळखायचं कसं, याचा हा फंडा.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सहज कान देऊन बघा. ‘जाम थकल्यासारखं होतंय गं’ असं कुणी म्हणायचा अवकाश, समोरून सल्ला तयारच असतो, ‘अगं, थायरॉईड चेक कर!’ सल्ला तसा चुकीचा नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साधारण ११ टक्के प्रौढांची थायरॉईड मंदावलेली आढळली होती. म्हणजे दहा जणांच्या टीममध्ये एक तरी! मग सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी गोळी, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा टेस्ट, आणि गाडी हळूहळू रुळावर. बहुतेकांची स्टोरी इथेच संपते.

काही जणांची मात्र संपत नाही. गोळी सुरू होते आणि तब्येत सुधारायच्या ऐवजी ढासळत जाते. मळमळ वाढते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, वजन उतरत जातं. ‘डोस कमी पडतोय वाटतं’ म्हणून डोस वाढवला की हाल आणखी वाढतात. हा प्रकार नेहमीचा नाही, पण झाला तर जिवावर बेतू शकतो.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पण टाकी रिकामी

थायरॉईड गळ्यात असते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, पण काम भलतंच मोठं. ताप, ऑपरेशन, अपघात अशा प्रत्येक ताणात शरीराला उभं ठेवणारं कॉर्टिसॉल आणि शरीरातलं मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन इथेच तयार होतं.

आता समजा, दोन्ही ग्रंथी मंदावल्या आहेत, पण रिपोर्टमध्ये फक्त थायरॉईड दिसली. थायरॉईडची गोळी शरीराचा वेग वाढवते. वेग वाढला की कॉर्टिसॉलची गरज वाढते, शिवाय असलेलं कॉर्टिसॉलही लवकर खर्च होतं. म्हणजे टाकी रिकामी आणि आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय! ब्लडप्रेशर एकदम कोसळतं, पेशंट थेट आयसीयूत. याला अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात. म्हणूनच नियम ठरलेला आहे. दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉलची जागा भरणारं स्टेरॉइड आणि मग थायरॉईडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर गडबड होते.

आणखी एक गंमत बघा. अ‍ॅड्रिनल बंद पडलेली असताना टीएसएच आपोआपच थोडं वर जाऊ शकतं. स्टेरॉइड सुरू केल्यावर काही आठवड्यांत ते खालीही येतं. म्हणजे काहींना थायरॉईडची गोळी मुळात लागतच नाही!

पेशंट नंबर वन : जॉन केनेडी

दोन्ही ग्रंथी एकत्र बिघडण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी. १९४७ मध्ये, तिशीत असताना, लंडनमध्ये ते आजारी पडले आणि अ‍ॅडिसन्स डिसीजचं, म्हणजे अ‍ॅड्रिनल निकामी होण्याचं निदान झालं. त्यांची थायरॉईडही मंद होती. २००९ मध्ये डॉ. ली मँडेल यांनी त्यांचे जुने कागद तपासून निष्कर्ष मांडला, की हे ऑटोइम्यून पॉलीग्लँड्युलर सिंड्रोम, टाइप २ असावं. शरीराची स्वतःचीच फौज एकापेक्षा जास्त ग्रंथींवर उलटते तो हा आजार. थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनलच्या या जोडीची नोंद मार्टिन श्मिट यांनी १९२६ मध्येच केली होती.

आता खरी मजा ऐका. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाभोवती डॉक्टरांची रांग होती आणि प्रत्येकाचं प्रिस्क्रिप्शन वेगळं. त्यातले मॅक्स जेकबसन चक्क अ‍ॅम्फेटामाइनची इंजेक्शनं देत. पुढे १९७५ मध्ये त्यांचं लायसन्स गेलं. या माणसापासून दूर राहा, असं राष्ट्राध्यक्षांना बजावणारे होते त्यांचे एंडोक्रायनोलॉजिस्ट, यूजीन कोहेन. व्हाइट हाउसमध्येही प्रश्न हाच होता, इतक्या डॉक्टरांमधला नेमका कुणाचा शब्द मानायचा?

आपल्याकडची कारणं

आपल्या देशात अ‍ॅड्रिनल बिघडण्याची कारणं थोडी निराळी. टीबी हे त्यातलं एक मोठं कारण. दुसरं, बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसणं. याला शीहॅन सिंड्रोम म्हणतात. बाळाला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थकवा जात नाही... आणि घरचे म्हणतात, ‘बाळंतीण आहे, थकणारच की!’ इथे मोठा ट्रॅप आहे. हुकूम देणारी पिट्युटरीच आजारी असल्यामुळे थायरॉईड कमी असूनही टीएसएच नॉर्मल येऊ शकतं. नुसत्या टीएसएचवर ‘ऑल ओके’ म्हणणारा इथे हमखास फसतो. सोबत फ्री टी-४ आणि कॉर्टिसॉल बघावंच लागतं.

तिसरं कारण तर आपल्या ड्रॉवरमध्येच असतं. दमा, सांधेदुखी, त्वचेचे विकार यांसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा ‘एकदम हर्बल’ म्हणून मिळणारी आणि आतून स्टेरॉइड मिसळलेली पुडी. बाहेरून आयता माल मिळाला की अ‍ॅड्रिनल काम थांबवते. मग ती गोळी किंवा पुडी अचानक बंद केली, की खेळ खल्लास!

मग संशय कधी घ्यायचा?

थायरॉईड मंदावली की वजन सहसा वाढतं. तुमचं घटत असेल तर कान टवकारा. सारखं खारट खावंसं वाटणं, उभं राहताच चक्कर, पोटात दुखणं, उलट्या, रक्तात सोडियम कमी. शिवाय तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या आणि जुने व्रण काळवंडणं. आपण त्याला ‘टॅन’ समजून सनस्क्रीन बदलत बसतो. पिट्युटरीमुळे बिघाड असेल तर मात्र हा काळेपणा दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

डॉक्टर शोधताना...

पहिली पायरी तुमचे फॅमिली डॉक्टरच. त्यांना टाळून थेट मोठ्या हॉस्पिटलकडे धावू नका. तुमचा पूर्वेतिहास त्यांनाच माहीत असतो, आणि त्यांनी लिहिलेल्या दोन ओळींच्या चिठ्ठीला वजन असतं.

पुढचा डॉक्टर हवा एंडोक्रायनोलॉजिस्ट. पाटीवर ‘थायरॉईड स्पेशालिस्ट’ लिहिलंय म्हणून भुलू नका, खालची डिग्री वाचा. एमडी मेडिसिननंतर तीन वर्षांचं डीएम किंवा डीएनबी एंडोक्रायनोलॉजी, हे या विषयाचं पक्कं शिक्षण. डायबेटॉलॉजिस्ट शुगर उत्तम सांभाळत असतील, पण अ‍ॅड्रिनलचा अभ्यास हा वेगळा विषय आहे. शंका असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची डॉक्टरांची नोंदणी तपासता येते. खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर, या दोन्ही महापालिका हॉस्पिटल्समध्ये एंडोक्रायनोलॉजीचा विभाग आहे. रांग मोठी असते खरी, पण अशा केसेस तिथे रोजच्या पाहण्यातल्या असतात.

याची तयारी तुमची

● सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल टेस्ट ही सुरुवात. साधारण ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर संशय पक्का, १५ ते १८ च्या वर असेल तर बहुधा चिंता नाही. मधलं काही आलं तर एसीटीएच देऊन पुन्हा टेस्ट करतात.

● नाइट शिफ्ट करता? आधी सांगा. कॉर्टिसॉलचं घड्याळ तुमच्या झोपेवर चालतं, त्यामुळे ‘सकाळी आठ’चा अर्थ तुमच्यासाठी बदलतो.

● केसांसाठी बायोटिन घेता? त्याने थायरॉईडचे रिपोर्ट चुकू शकतात. डॉक्टरांना विचारून टेस्टच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॉर्टिसॉल आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, तेही सांगा.

● घेतलेली प्रत्येक गोळी, क्रीम, इन्हेलर, पुडी यांची यादी करा. रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा.

इथून काढता पाय घ्या

‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हा शब्द हल्ली फार स्टायलिश झालाय. थुंकीची टेस्ट, महागडं सप्लिमेंट पॅकेज, नव्वद दिवसांत एनर्जी परत! या नावाच्या आजाराला एंडोक्रायनोलॉजीत मान्यता नाही. २०१६ मध्ये यावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हाही ठोस पुरावा सापडला नाही. तुमचा थकवा खोटा नाही, लेबल खोटं आहे. टेस्ट न करता स्टेरॉइड सुरू करणारा आणि ‘थायरॉईडची गोळी कायमची सोडवतो’ म्हणणारा, हे दोघंही याच लाइनीतले.

उलट चांगला डॉक्टर निदान झाल्यावर जास्त बोलतो. ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट कधी करायचा, उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन कुठे घ्यायचं, पाकिटात स्टेरॉइड कार्ड का ठेवायचं, हे सगळं तो घरच्यांनाही समजावतो. थायरॉईडची गोळी चालू असताना वरची लक्षणं दिसत असतील तर मनाने काही बंद करू नका, डॉक्टरांना गाठा. सतत उलट्या आणि भोवळ येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

आणि पहिल्याच भेटीत एक साधा प्रश्न विचारा, ‘डॉक्टर, थायरॉईडची गोळी सुरू करण्याआधी माझी अ‍ॅड्रिनल तपासायची गरज आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी हरकत नाही, बहुतेकांना खरंच गरज नसते. पण ‘नाही’ म्हणण्याआधी ज्यांनी तुमचं वजन, उभ्याने ब्लडप्रेशर, तळहात आणि जुनी औषधं बघितली, त्यांचा नंबर सेव्ह करून ठेवा!