तपासलं म्हणजे निर्दोष झालं?

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पेरा चढवायचं तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या डोंगराळ शिवारात काय, लातूरच्या सपाट रानात काय, अ‍ॅप अडलं की माणूस म्हणणारच, ‘तपासून तरी द्यायचं होतं!’ राग रास्त आहे. पण तपासलेलं सॉफ्टवेअर अडत नाही, ही समजूत मात्र खरी नाही. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये रोमच्या परिषदेत हे स्पष्टच मांडलं होतं: टेस्टिंगमधून दोष आहेत हे दाखवता येतं, दोष नाहीत हे सिद्ध करता येत नाही.

मग सगळंच का तपासत नाहीत? दहा रकान्यांचा साधा अर्ज घ्या, प्रत्येकात दहा पर्याय. भरण्याच्या तऱ्हा होतात एक हजार कोटी. सेकंदाला एक तपासली तरी ३१७ वर्षं लागतील. म्हणून चांगला टेस्टर निवड करतो, आणि त्याची नजर काठावर असते. एक हेक्टरच्या गटात ४० आर कापूस भरून फारसं काही कळत नाही. १०० आर भरा, १०१ भरा, शून्य भरा. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असतील तर दोन्ही पिकांचं क्षेत्र मिळून गटाबाहेर जातं का, ते बघा. बहुतेक चुका अशा सीमांवरच सापडतात.

टेस्टिंग म्हणजे अ‍ॅप बनल्यावरचं शेवटचं काम, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ई-पीक पाहणी अ‍ॅपच्या २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करायची सोय आली. आता टेस्टरने विचारायचा प्रश्न असा: हे ४८ तास मोजायचे कधीपासून? बांधावर फोटो काढला तेव्हापासून, की रेंजमध्ये येऊन माहिती अपलोड झाली तेव्हापासून? नियम कागदावर असतानाच हे विचारलं तर एका वाक्यात निभावतं. गावोगावी अ‍ॅप पोहोचल्यावर विचारलं तर नवी आवृत्ती काढावी लागते. प्रश्न विचारायला प्रोग्रामची एक ओळही लिहून झालेली असावी लागत नाही, आणि तरीही ते टेस्टिंगच.

‘तिकडे चाललं, म्हणजे इकडेही चालेल’ हाही असाच गैरसमज. एरियान-४ रॉकेटवर बिनबोभाट चाललेला प्रोग्राम एरियान-५ मध्ये तसाच घेतला गेला. नवं रॉकेट जास्त वेगवान; वेगाचा आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही, आणि ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत ते नष्ट झालं. कार्यालयातल्या वायफायवर पास झालेल्या अ‍ॅपबद्दल आणखी काय सांगावं?

आता कापूसवाल्यांच्या ओळखीचा मुद्दा. जुन्या चाचण्या दर वेळी पास होतात, म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. बोरिस बायझर या अमेरिकी लेखकाने याला नावच कीटकनाशकाचं दिलं: ज्या पद्धतीने दोष मारता, तिला न जुमानणारे दोष मागे उरतात. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, बोंडअळी हटली. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू बीटीच्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमलणारी फुलं) दिसल्या. अर्थात बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, काही अळीसारखा सरावत नाही. जुनी चाचणी दुरुस्त झालेल्या जागीच पुन्हा पुन्हा बघत राहते, एवढंच. ती टाकून द्यायची नसते, कारण नव्या बदलाने जुनं बिघडलं का हे तीच सांगते. पण तिच्या जोडीला नव्या चाचण्या लागतात.

आणि समजा, एकही दोष सापडला नाही. तरी ते अ‍ॅप उपयोगाचं असेलच असं नाही. तांड्यावरच्या आजीकडे स्मार्टफोन नसेल, तर तिच्या लेखी बिनचूक अ‍ॅप आणि बंद अ‍ॅप सारखंच. शेतकऱ्यांकडून राहून गेलेल्या नोंदींसाठी सरकारला पीक पाहणी सहायक नेमावे लागले, ही गरज कुठल्याच बग-यादीत सापडली नसती.