विवरात वसलेले नगर

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात न्योर्डलिंगेन नावाचे एक लहानसे नगर आहे. त्याचा जुना तट अद्याप अखंड असून त्यावरून चालत नगराला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. सभोवार सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे वाटोळे, खोलगट मैदान पसरलेले आहे. हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक विद्वान दीर्घकाळ मानीत असत.

१९६० साली यूजीन शूमेकर हे अमेरिकन भूशास्त्रज्ञ तेथे गेले. तेथील खाणीच्या दगडांत त्यांना व त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांना कोएसाइट हे खनिज आढळले. ज्वालामुखीच्या उद्रेकात ते बनत नाही. त्यास प्रचंड दाब लागतो. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी येथे आकाशातून अशनी आदळला होता, हे त्यावरून सिद्ध झाले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवरही अशाच आघाताने निर्माण झालेले आहे.

त्या दाबाने खडकांतील ग्रॅफाइटचे सूक्ष्म हिरे बनले, आणि त्याच दगडांनी नगरातील सेंट जॉर्ज चर्च बांधलेले आहे! ते हिरे नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. मग विकण्याची गोष्टच कशाला? चंद्रावर तर विवरेच विवरे. म्हणून तसले दगड ओळखण्यास शिकण्यासाठी अपोलो-१४ चे अंतराळवीर शेपर्ड व मिचेल १९७० साली येथे आले. पुढच्याच वर्षी ते चंद्रावर उतरले.