केळीचं रोप थंडीनं नव्हे, पाण्यानं मरतं

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत चायना क्लस्टर असो की मोरोक्को, मराठी घराच्या बाल्कनीत तुळशीशेजारी कधी कधी केळीचं रोपही दिसतं. सत्यनारायणाला, गणपतीला ताजं पान हाताशी असावं, एवढाच हेतू. डिसेंबर लागला की मात्र त्याचे फाजील लाड सुरू होतात आणि घात तिथेच होतो.

'थंडीत केळ मरते, घरात घ्या,' हा सल्ला हमखास मिळतो. दुबईत जानेवारीतही रात्रीचं तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असतं. आपल्या रावेर-यावलकडे कडाक्याच्या थंडीत पारा १० च्या खाली जातो, पानांवर चरका पडतो, तरी केळीच्या बागा उभ्या राहतात. केळीला खरी भीती गोठणाऱ्या दहिवराची, आणि ते दुबई शहरात पडत नाही. साधारण १६ अंशांखाली तिची वाढ मंदावते, एवढंच. एरवी आठ-दहा दिवसांत उलगडणारा पोगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, दोन-तीन आठवडे घेतो. तो आजार नव्हे. घरात आणलेल्या रोपाला मात्र ऊन मिळत नाही, आणि सूर्यप्रकाशाची भूक ट्यूबलाइटवर भागत नाही.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो: 'केळ पाण्याची, तिला पाणी कितीही चालतं.' शेतात चालतं, कारण तिथे निचरा होतो. कुंडीत, तेही वाढ मंदावलेली असताना, मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत ओल्या मातीत ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. आपण समजतो तहान लागली आणि आणखी एक तांब्या ओततो! पान पिवळं दिसलं की आधी मातीत बोट खुपसा. दोन पेरांपर्यंत कोरडी लागली तरच पाणी. माती ओली, तिला कुबट वास आणि खोडाचा बुंधा दाबल्यावर मऊ, असं असेल तर पाणी तोडा. पोग्यातही पाणी ओतू नका. थंडीत ते साचून गाभा सडतो.

'रोज थोडं थोडं' हीसुद्धा चुकीची सवय. वरचा थर भिजतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर तोच. त्यापेक्षा पाणी द्याल तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीतलं फेका. (खालच्या मजल्यावरचं वाळत घातलेलं धुणं बघून!)

त्या थराचा दोष नळाच्या पाण्याला देण्यात अर्थ नाही. दुबईत नळाला येतं ते समुद्राचं पाणी, पण क्षार काढून गोडं केलेलं. क्षार साचतात ते मुख्यतः खतातून, मातीतून आणि अर्धवट पाणी देण्यातून.

पानं फाटली म्हणजे कीड लागली, असंही नाही. हिवाळ्यातला शमाल वारा वायव्येकडून जोरात येतो आणि पान शिरांच्या रेषेत चिरतो. रोपाचं त्यात फारसं बिघडत नाही. नैवेद्याचं पान मात्र जातं. कुंडी आडोशाला सरकवा, पण उन्हातच ठेवा.

खत डिसेंबर-जानेवारीत थांबवा. मार्चमध्ये पोगे भराभर उलगडू लागले की खत सुरू करा आणि पाणीही तेव्हाच वाढवा.