सतरा की अठरा?

परवा माझी भाची वही घेऊन आली. सातवीत आहे. शाळेतून तिला मुळशी तालुक्यातल्या एका गावाची माहिती लिहून आणायला सांगितली होती आणि तिनं निवडलं होतं उरवडे. पुण्याहून पौडच्या रस्त्यानं निघालात की पिरंगुट लागतं. उरवडे त्याच्या जवळच. भोवती डोंगर, भातखाचरं आणि अलीकडे उभे राहिलेले कारखाने.

"मामा, सतरा की अठरा?" तिनं दारातूनच विचारलं.

"काय सतरा-अठरा?"

"उरवड्याच्या आगीत किती माणसं गेली? एका ठिकाणी अठरा लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी सतरा. मी कुठला आकडा लिहू?"

प्रश्न ऐकून मी जरा गप्पच झालो. ७ जून २०२१ ची दुपार होती ती. पाणी शुद्ध करण्याची रसायनं बनवणाऱ्या उरवड्याच्या एका कारखान्याला आग लागली. आत काम करणाऱ्या माणसांना बाहेर पडता आलं नाही. गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची ताई. त्या संध्याकाळी आणि रात्री ज्या बातम्या देशात आणि परदेशात गेल्या, त्यांत १८ हा आकडा होता. मग मोजणी नीट झाली आणि आकडा १७ झाला. पण पहिली बातमी काही परत येत नाही! ती जिथे छापली गेली तिथे १८ च राहिली. आजही शोधायला गेलं की दोन्ही आकडे शेजारी-शेजारी सापडतात.

"मग दोन्ही लिहू?" भाची म्हणाली. "म्हणजे कुणाची बाजू घेतल्यासारखं नको व्हायला."

इथेच तर खरी मेख आहे, बरं का! भांडणात दोघांचं ऐकून घ्यावं हे खरं. पण गेलेली माणसं एक तर सतरा असतात नाही तर अठरा. दोन बातम्या आहेत म्हणून मधला आकडा काढता येत नाही. साडेसतरा माणसं नसतात. म्हणून मी तिला म्हटलं, "१७ लिही. आणि पुढे लिही, की पहिल्या दिवसाच्या बातम्यांत १८ असं आलं होतं, नंतर ते दुरुस्त झालं. म्हणजे उद्या कुणाला जुना कागद सापडला, तरी तो गोंधळणार नाही."

माहितीचे मोठे कोश नेमकं हेच काम करतात. आपल्या मराठीत ही परंपरा चांगली जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तब्बल २३ खंड काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. हे जाडजूड ग्रंथ तुमच्या शाळेच्या कपाटात असतील. (कपाटाला कुलूप असेल तर सरांकडे किल्ली मागा!) त्यात एखादी चूक राहिली, तर पुढची आवृत्ती येईपर्यंत ती तशीच राहायची.

संगणकावरच्या विकिपीडियाची गोष्ट वेगळी. इंग्रजी विकिपीडिया २००१ मध्ये निघाला, मराठी २००३ मध्ये. तिथला लेख कुणीही लिहू शकतो आणि कुणीही बदलू शकतो. पुणे जिल्ह्यातल्या कित्येक गावांची पानं त्यात आहेत. त्यांतली बरीचशी २०११ च्या जनगणनेच्या माहितीवरून तयार झालेली. म्हणजे घरं किती, माणसं किती, शाळा किती, हे सगळं आहे. पण गाव कुठं आहे हो त्यात? गावातल्या माणसानं लिहिल्याशिवाय ते कसं येणार!

"कुणीही बदलू शकतो? मग कुणी खोटं लिहिलं तर?" भाचीनं डोळे मोठे केले.

लिहितातच. आणि नुसतं खोटं नव्हे, तर आपल्या आवडत्या पुढाऱ्याला देव आणि नावडत्याला राक्षस करून ठेवतात. म्हणून तिथे दोन नियम फार जपतात. एक, लेखानं कुणाची बाजू घ्यायची नाही. दुसरा, जे लिहाल ते कुठून घेतलं ते सांगायचं. न सांगाल तर त्या वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लागते. नियम ऐकायला सोपे वाटतात ना? आता एक कठीण उदाहरण सांगतो. आहे दूरच्या इराणचं, पण त्यातले दोन शब्द तुम्ही रोज वापरता.

महमूद अहमदीनेजाद हे २००५ ते २०१३ या काळात इराणचे अध्यक्ष होते. इराणच्या सरकारचं आणि इस्राएल या देशाचं वैर फार जुनं. २६ ऑक्टोबर २००५ रोजी तेहरानमध्ये अहमदीनेजाद यांनी एक भाषण केलं. दुसऱ्या दिवशी जगभरच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मथळा आला, की इराणचे अध्यक्ष म्हणतात, इस्राएलला नकाशावरून पुसून टाकलं पाहिजे. केवढी खळबळ उडाली! संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेनं त्या बोलण्याचा निषेध केला.

मग फारसी जाणणारी काही मंडळी पुढे आली. ती म्हणाली, अहो, थांबा. त्या वाक्यात 'नकाशा' हा शब्दच नाही! आपला 'नकाशा' फारसीतूनच आलेला आहे, तेव्हा तो असता तर तुमच्या-माझ्याही कानाला कळला असता. मूळ शब्द होते 'सफ्हे-ये रूजगार'. सफ्हे म्हणजे पान. आणि रूजगार? हा तर आपला रोजगार! फक्त मराठीत त्याचा अर्थ काम-धंदा झाला. फारसीत तो काळ, जमाना असा आहे. म्हणजे 'काळाच्या पानावरून'. आणि जे पुसलं जावं असं ते म्हणाले, त्याचं नावही 'इस्राएल' असं नव्हतं. 'जेरुसलेम व्यापून बसलेली राजवट' असं होतं. शिवाय हे वाक्य त्यांचं स्वतःचं नव्हतं, इराणचे आधीचे सर्वोच्च नेते आयातुल्ला खोमेनी यांचं म्हणून त्यांनी ते सांगितलं होतं.

"मग वर्तमानपत्रं खोटं बोलली?" भाची.

एवढ्यात निकाल देऊ नका! दुसऱ्या बाजूचे लोक म्हणाले, शब्द कुठलाही असो, धमकी ती धमकीच. आणि त्यांच्या हातात एक पुरावाही होता. खुद्द इराणच्या सरकारी प्रसारमाध्यमानं आपल्या इंग्रजी बातमीत 'नकाशावरून पुसणे' असंच लिहिलं होतं. आता बोला!

अशा वेळी कोशात काय लिहायचं? 'त्यांनी देश नष्ट करायची धमकी दिली' एवढंच लिहिलं, तर एक बाजू घेतल्यासारखं होतं. 'ते तसं म्हणालेच नाहीत' असं लिहिलं, तर दुसरी. आणि वादाचं आहे म्हणून गाळूनच टाकलं, तर वाचणाऱ्याची फसवणूक. मग मूळ फारसी शब्द द्यायचे, त्यांचा सरळ अर्थ द्यायचा, कुणी कसं भाषांतर केलं ते नावासकट सांगायचं, जगानं काय प्रतिक्रिया दिली तेही सांगायचं. वाक्य लांबतं खरं. वाचायला जरा कंटाळाही येतो. पण मला विचाराल तर अशा ठिकाणी कंटाळवाणं वाक्यच बरं. चटकदार मथळ्यानं काय होतं ते आपण पाहिलंच.

मात्र याच पुढाऱ्याच्या लेखात एक जागा अशी येते, की तिथे हा दोन बाजूंचा हिशेब चालत नाही. डिसेंबर २००५ मध्ये ते म्हणाले, की दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचा संहार झाला ही एक दंतकथा आहे. आता इथेही 'काही म्हणतात झाला, काही म्हणतात नाही' असं लिहायचं का? मुळीच नाही! हिटलरच्या राजवटीनं सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं. त्याची कागदपत्रं आहेत, छायाचित्रं आहेत, न्यायालयातल्या साक्षी आहेत, छळछावण्यांच्या इमारतीही अजून उभ्या आहेत. तिथे कोश सरळ लिहितो, की ते असं म्हणाले आणि ते चूक आहे.

भाची थोडा वेळ वहीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "मामा, पण हे सगळं परदेशातलं. माझ्या वहीत असं भांडणाचं काही नाही."

"पान उलट," मी म्हटलं.

पुढच्या पानावर मुळशी धरणाचं चित्र होतं आणि खाली एक ओळ. 'मुळशीचा सत्याग्रह हे जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन होते.' कुठून घेतलं? तिला सांगता येईना. हे राजेंद्र व्होरा या अभ्यासकांनी म्हटलेलं आहे. त्यांच्या २००९ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ते आहे. मग त्यांचं नाव घालून लिहावं. जगातल्या सगळ्या धरणांचा हिशेब काही आपण तपासलेला नाही!

हा लढा १९२१ च्या रामनवमीला सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, त्यासाठी टाटा कंपनी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधत होती. जमीन कसणारे मावळे आपली खाचरं सोडायला तयार नव्हते. दोनच बाजू झाल्या ना? नाही, तिसरीही होती. त्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि भरपाई चांगली मिळाली तर त्यांतल्या अनेकांना जमीन जायचं दुःख नव्हतं. ही बाजू गाळली की गोष्ट सोपी होते, पण ती मुळशीची गोष्ट राहत नाही.

आणि लढ्याचे पुढारी कोण? पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. याच लढ्यात लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामावर मजूर नेणारी गाडी जोर वापरून अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. आता सांगा, हा सत्याग्रह म्हणायचा की नाही? सत्याग्रहात बळ वापरायचंच नाही, असं मानणारे तेव्हाही होते. बापटांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मला स्वतःला सेनापतींबद्दल फार आदर आहे. म्हणूनच त्यांच्यावरच्या लेखातून ती गाडी कुणी पुसू नये असं वाटतं.

भाचीनं ओळ खोडली. खोडलेली ओळ दिसते म्हणून पान फाडायला निघाली, तर मी अडवलं. विकिपीडियातही पान फाडत नाहीत. प्रत्येक लेखाला 'इतिहास' नावाचं एक दार असतं. तिथे गेलात की कुणी, कधी, काय बदललं ते सगळं दिसतं. शेजारी 'चर्चा' असते, तिथे लोक एकमेकांशी वाद घालतात. कधी फार छान, कधी फारच वाईट!

शेवटी तिच्या वहीत आगीबद्दल असं लिहिलं गेलं : '७ जून २०२१. सतरा जण गेले. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत अठरा म्हटले होते.' त्याखाली तिनं दोन ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत. "उरवड्यात माझ्या मैत्रिणीची आजी राहते," ती म्हणाली. "ती काय सांगते ते रविवारी विचारून लिहिणार. आणि आजीनं सांगितलं, असंही लिहिणार."

आई-बाबांना बरोबर घेऊन तुमच्याही गावाचं पान उघडून पाहा. त्यात काय बरोबर आहे, काय चुकलंय, काय राहूनच गेलंय आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं, हे आम्हाला पत्रानं कळवायला विसरू नका हं!