‘काही नाही, असंच...’

परवा संध्याकाळी मेथी निवडत बसले होते. शेजारी अभ्यास करणारी लेक एकदम म्हणाली, ‘आई, हा पाचवा! मघापासून मोजतेय मी. कसलं टेन्शन आलंय तुला?’ मला आधी कळेचना. उसासे माझेच होते आणि माझं मलाच ठाऊक नव्हतं! ‘काही नाही गं, असंच,’ मी म्हटलं आणि कामरगावची मावशी आठवली. तिचंही उत्तर हेच असायचं.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं कामरगाव. मावशीचं घर शेतकऱ्याचं. कपाशी, तूर, पुढे सोयाबीन; सगळा भरवसा पावसावर. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडं तिथे असायचो. मृग लागला, की मावशी दारात उभी राहून आभाळाकडे बघायची आणि छाती भरून श्वास घेऊन सोडायची. काका खेकसायचे, ‘काहून उसासे टाकतं वं? घरात कोनी मेलं काय?’ तिन्हीसांजेला तर आजीचीही ताकीद असायची, लक्ष्मी यायच्या वेळेला सुस्कारे टाकायचे नाहीत. मग मावशी गोठ्यात जायची. गाईच्या पाठीवर हात फिरवत मनासारखा उसासा टाकून परत यायची.

आपल्या भाषेनं या एवढ्याशा श्वासाचे किती प्रकार केलेत बघा. पाहुणे गेले, की ‘हुश्श’. मुलगी रात्री सुखरूप घरी आली, की सुटकेचा निःश्वास. जुना फोटो हाती लागला, की सुस्कारा. आणि बोलून काही उपयोग नाही असं वाटलं, की उसासा.

हा शेवटचा प्रकार एका शास्त्रज्ञानेही तपासलाय. नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठाच्या कार्ल टायगन यांनी लोकांना न सुटणारी कोडी सोडवायला दिली. बहुतेकांनी त्या वेळी उसासे टाकले आणि अनेकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांना आणखी एक गंमत आढळली. दुसऱ्यानं उसासा टाकला, की आपल्याला तो दुःखी वाटतो. स्वतः मात्र आपण बरेचदा ‘जाऊ दे, नाही जमत’ म्हणून उसासा टाकतो. या कामासाठी त्यांना 2011 साली ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात.

शरीराला तर उसासा लागतोच. आपल्या फुप्फुसात कोट्यवधी इवल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यातल्या काही अधूनमधून मिटतात आणि साध्या श्वासानं उघडत नाहीत. त्यासाठी दुप्पट मोठा श्वास लागतो, तोच उसासा. दर पाच-सहा मिनिटांनी आपण नकळत तो घेत असतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत उसाशाची कळ दाबणाऱ्या जेमतेम दोनशे पेशी सापडल्या. 2023 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात काही जणांनी महिनाभर रोज पाच मिनिटं मुद्दाम लांब उसासे टाकले, तर त्यांचं मन अधिक प्रसन्न झालेलं दिसलं. म्हणजे मावशीचा गोठा काही चुकीचा नव्हता!

पण उसाशानं जीव हलका होतो, ओझं तिथेच राहतं. ते मावशीनंच मला दाखवलं. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीमही होता. कुणाच्या तरी कर्त्या पुरुषानं फवारणीचं औषध प्यायल्याची बातमी रोजच्या पेपरात असायची. त्या दिवसांत एका रात्री जेवणावरून उठताना काकांनी उसासा टाकला. जन्मभर दुसऱ्याच्या उसाशावर खेकसणाऱ्या माणसानं! मावशी सांगते, ‘माह्या काळजात चर्र झालं बाई.’

तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली. ‘का झालं जी?’

‘काही नाही.’

ती उठली नाही. भांडी तशीच पडली होती. बऱ्याच वेळानं काका बोलले. मुलीच्या लग्नासाठी आणि दुबार पेरणीसाठी सावकाराकडून काढलेलं कर्ज घरात कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी तिनं माझ्या मामाला बोलावून घेतलं. दोन एकर बटईनं दिलं, तिच्या गोठ मोडल्या. फेडायला चार वर्षं लागली. काका आज नातवाला शाळेत सोडायला जातात.

‘तू विचारलं नसतं तर?’ मी एकदा म्हटलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मैत्रिणींनो, घरात कुणी उसासा टाकला, तर त्याला अपशकुन म्हणून गप्प करू नका. वारंवार धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याचं प्रमाण काही थोडं नाही. आणि तसं काही नसेल, तर ‘काही नाही’ ऐकून लगेच उठू नका. थोडं बसा.

लेकीला मी पुन्हा हाक मारली. मेथी बाजूला ठेवली आणि सांगितलं, ‘आजीच्या ऑपरेशनची तारीख जवळ आलीय ना, त्याची धास्ती वाटतेय.’ तिनं वही मिटली. ‘मग आधी का नाही बोललीस?’ म्हणत मेथीची उरलेली जुडी स्वतःपुढे ओढली.