दोराला फुटलेलं फूल

आमच्या उमरीकडच्या शेतांत कापसाच्या किंवा ज्वारीच्या कडेला अंबाडीचं एखादं तास असायचं. पाला भाजीला, खोड दोराला. कापलेल्या पेंढ्या पाण्यात दगडाखाली दाबायच्या, दोन-तीन आठवड्यांनी साल कुजली की सोलून वाख काढायचा, उरलेल्या सणकाड्या चुलीला. त्या वाखाला पीळ देत मातंग कारागीर कासरे, दावी, चऱ्हाटं वळत. नायलॉन आलं आणि हे काम मागे पडलं. पण तो खरबरीत दोर ज्याच्या हातातून गेला आहे, त्याला मृणालिनी मुखर्जींची शिल्पं कुणी समजावून सांगायची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं.

मृणालिनींचा जन्म १९४९चा, मुंबईतला. वडील शांतिनिकेतनचे थोर चित्रकार बिनोदबिहारी, आई लीला शिल्पकार. बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकताना ताग-सणाच्या जातीचा दोर त्यांच्या हाती आला आणि पुढे कितीतरी वर्षं सुटला नाही. शिल्प म्हणजे दगड, लाकूड नाहीतर धातू, असं मानणाऱ्या काळात त्या गाठी मारत बसल्या. माग नाही, आधी काढलेलं रेखाटनही नाही. लोखंडी सांगाडा, रंगवलेला दोर आणि गाठीवर गाठ. त्यातून मोठमोठ्या आकृत्या उभ्या राहिल्या : ‘वनश्री’, ‘पुष्प’, ‘आदिपुष्प’. २००० सालच्या त्यांच्या एका शिल्पाचं नाव जास्वंदीवरून आहे, ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. आपली अंबाडीही जास्वंदीच्याच प्रजातीतली, हिबिस्कस!

या शिल्पांत फुलाची नक्कल शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. पाकळ्या मोजता येत नाहीत. दिसतात त्या जड घड्या, आत वळलेल्या कडा, फुगून खाली ओघळणारे भाग. झाड पेराला पेर जोडत वाढतं, तसं हे शिल्प गाठीगाठीनं वाढलेलं असतं. म्हणून ते घडवलेलं कमी आणि उगवलेलं जास्त वाटतं. होट्टलसारख्या आपल्याकडच्या चालुक्यकालीन मंदिरांच्या दारांवरची पानावेलींची नक्षी फार देखणी असते, पण तिथे वेल चौकटीची शिस्त पाळते. मृणालिनींनी चौकटच काढून टाकली. पुढे त्या ब्राँझकडे वळल्या, ताड-माडांचे आकार धातूत उतरवले. जानेवारी २०१५मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांचं काम जगापुढे मांडलं.

झाडाफुलांना कलेत आणायची जलरंगाची वाट वेगळी. तिथे आधी निरीक्षण, मग रंग. पुण्याजवळच्या दापोडीत अलेक्झांडर गिब्सन यांची सरकारी वनस्पतिबाग होती. १८४७ ते १८५०च्या दरम्यान त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही, ही बोच राहतेच. तीच परंपरा आज बंगळुरूच्या निरुपा राव चालवतात. ‘पिलर्स ऑफ लाइफ’मध्ये त्यांनी सह्याद्रीतली प्रचंड झाडं जलरंगात उभी केली आहेत.

जलरंगाला अंबाडीचं फूल चांगलंच कामाला लावतं. फिकट पिवळ्या पाकळ्या, तळाशी गडद तांबडा-जांभळा डाग. पारदर्शक रंगात उजेड येतो तो कागदाच्या पांढरेपणातून, म्हणून पिवळा हात अगदी पातळ द्यायचा आणि थांबायचं. तो ओला असतानाच गडद रंग टेकवला तर डाग पाकळीभर पसरतो; पूर्ण वाळू दिला तर कडा कापून लावल्यासारखी दिसते. मधला ओलसर क्षण साधला, तरच तो रंग आतून आल्यासारखा वाटतो. मग खोडावरची बारीक काटेरी लव, खालची साधी पानं आणि वरची बोटांसारखी फाटलेली.

आपल्या शाळांत मुलं अजून छापील गुलाब पाहून गुलाब काढतात, याचं मला वाईट वाटतं. अंबाडी पावसाळा सरताना फुलते. तेव्हा कुठे एखादं तास उरलं असेल, तर चित्रकलेचा एक तास त्या बांधावर व्हावा. मुलांच्या एका हाती ब्रश द्यावा, दुसऱ्या हाती वाखाचा पुंजका. वर्ग सकाळचाच ठेवावा. दुपारनंतर फूल मिटू लागतं.